वजाबाकीतला नांगर

समुद्राच्या तळाशी एकूण किती लोखंड पडले आहे, हा प्रश्न मानवजातीने आपल्या जिज्ञासेच्या दीर्घ आणि बऱ्याच अंशी कल्पित इतिहासात कधी विचारला नव्हता. अखेर विचारला, तो पाणबुड्या शोधून बुडवण्याच्या सोयीसाठी. ज्ञानाचा फार मोठा भाग अशाच सोयींतून जन्माला आला आहे हे डॉ. हेमांगी पागधरे हिला ठाऊक होते, त्यामुळे प्रश्नाचे तिला नवल वाटले नाही. नवल वाटले ते उत्तराचे.

उत्तर आणणाऱ्या विमानाचे कागदोपत्री नाव भारदस्त होते. तळावर आणि किनाऱ्यावरही सगळे त्याला ‘घार’ म्हणत. लांब पंखांचे, संथ, बारा-बारा तास समुद्रावर राहणारे हे गस्ती विमान होते आणि त्याच्या शेपटीत हिऱ्याची एक चकती बसवली होती. पोलाद जिथे जाते तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला बारीक सुरकुती पाडते. ती टिपणारी उपकरणे जुन्या विमानांतही होती, परंतु अंतर दुप्पट झाले की सुरकुती आठपट फिकी होते, म्हणून त्या विमानांना लाटांना पोट घासत उडावे लागे, आणि तरीही त्यांना फार तर एखादी गाफील पाणबुडी दिसे. घारीच्या हिऱ्यात मुद्दाम दोष पेरले होते. एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन बसवायचा, शेजारची जागा रिकामी ठेवायची. त्या खिंडाराशी अडकलेले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या सूक्ष्मातिसूक्ष्म स्पर्शानेही बदलतात, आणि हिरवा लेसर टाकला असता त्यांचा तांबडा उजेड किती मंदावला यावरून तो स्पर्श मोजता येतो. निर्दोष हिरा आंधळा असतो. सदोष हिऱ्याला दिसते. सौंदर्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

अडचण अशी उद्भवली, की घारीला फारच दिसू लागले. तेलवाहिन्या, सोडून दिलेल्या विहिरी, दोन महायुद्धांतली जहाजे, तोफा, साखळ्या, इंजिने. त्याच भागावरून अनेकदा उडून मोजमापे एकावर एक रचली की एखाद्या लहानशा बोटीचे इंजिनही नकाशावर उमटे. या गर्दीत पाणबुडी शोधायची कशी? तर वजाबाकीने. तळावरची प्रत्येक वस्तू एकदा ओळखायची, तिची सुरकुती नकाशातून वजा करायची. मग जे उरेल आणि हलेल, ते शत्रूचे. मात्र ओळख पटल्याशिवाय वजाबाकी करायची नाही, कारण तळाशी निपचित बसून आपण जुने भंगार आहोत असे भासवणे हे पाणबुडीचे आवडते सोंग आहे.

यासाठी मेलेल्या जहाजांची माहिती असणारे कुणीतरी हवे होते. हेमांगीने पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबुडींवर वीस वर्षे काम केले होते. तिच्या विद्यापीठाने तिचा विभाग ‘रोजगाराभिमुख नाही’ या कारणाने बंद केल्याला दोन वर्षे झाली होती, तेव्हा प्रकल्पाचे बोलावणे आले. काम साधे होते. ओळखायचे, आणि तिने ओळखले की यंत्राने त्या वस्तूकडे कायमचे दुर्लक्ष करायचे. इतिहासकाराची समाजातली नेमकी जागा एवढ्या प्रामाणिकपणे तिला याआधी कुणीही दाखवली नव्हती.

तिने गुप्ततेच्या कागदांवर सही केली. आपण काय काय वजा केले हे शत्रूला कळले तर तो नेमका तिथेच जाऊन लपेल, म्हणून यादीतले एक अक्षरही बाहेर बोलायचे नव्हते. कामात मात्र तिचे मन रमले. एखादी सुरकुती पडद्यावर यायची; हे काय असेल, इथे कसे आले, कधी आले, असे कोडे दिवसभर पुरायचे.

*

दिवाळीच्या सुटीत ती डहाणूच्या उत्तरेला, तडबंदरला आपल्या भावाच्या घरी गेली. घर भावाचे म्हणायचे. भाऊ त्यात नव्हता. मोरेश्वर, गावाचा मोरूतांडेल, सहा वर्षांपूर्वी ‘शीतलाप्रसाद’ ही आपली बोट आणि सहा खलाशी घेऊन गेला तो परतला नाही. वादळ नव्हते. फळकूटही किनाऱ्याला लागले नाही. तेव्हा बोट सागरी हद्द ओलांडून पलीकडे गेली असणार आणि माणसे तिकडच्या तुरुंगात असणार, असे जिल्ह्याच्या ठिकाणी एका साहेबांनी अनुमान काढले. पुरावा नसताना काढलेले अनुमान पदवीच्या परीक्षेत नापास होते. कचेरीत त्याचा निर्णय होतो.

कुंदावहिनी ओटीवर बॅग भरत होती. पलीकडच्या सरकारने मच्छीमारांची एक तुकडी सोडायची ठरवली होती. प्रत्येक तुकडीच्या वेळी वहिनी नवऱ्याचा फोटो आणि कपड्यांचा एक जोड घेऊन सीमेवर जाऊन उभी राहत असे. ही पाचवी खेप.

“थंडी असते तिथे,” ती शर्टाची घडी घालत म्हणाली. “मागल्या वेळी सुटून आलेले ते गुजरातचे लोक नुसते कुडकुडत होते. या वेळी स्वेटर घेतलाय. होईल ना ओ वन्सं? बारीक झाले असतील ते.”

“होईल,” हेमांगी म्हणाली, आणि विषय बदलण्यासाठी तिने ओटीच्या कोपऱ्यातल्या नांगराला पाय लावला. “हे धूड अजून इथेच? दोनदा ठेच लागली मला आज.”

“असू दे. बोट आली की लागेल.”

चार काट्यांचा तो लोखंडी नांगर ‘शीतलाप्रसाद’चा स्वतःचा होता. तो घरी राहिला त्याला कारण हेमांगीच होती. तिच्या प्रबंधाच्या काळात खाडीच्या चिखलात एक जुना, जडशीळ नांगर सापडला होता. तो ‘एलायझा मंक’ नावाच्या, दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यापुढे बुडालेल्या आगबोटीचा असावा असे तिने लिहिले. ठोकून घडवलेले लोखंड दीर्घकाळ एकाच दिशेने पडून राहिले की त्याला स्वतःचे चुंबकत्व चढते आणि ते माणसाच्या बोटाच्या ठशासारखे वेगळे असते. हेमांगीने ते मोजून आपल्या निबंधात छापले, आणि नांगर संग्रहालयाला द्यायची तजवीज केली. मोरूदादाने तो उचलून सरळ बोटीवर चढवला आणि बोटीचा नांगर ओटीवर आणून टाकला.

“तेव्हा काय भांडलात तुम्ही दोघं!” वहिनीला हसू आले. “तुम्ही म्हणालात, दादा, तो राष्ट्राचा ठेवा आहे. तर हे म्हणतात, राष्ट्राला सांग, मासळी आणून देतो त्याच्या वाट्याची.”

“आणि म्हणाला, नांगर कपाटात ठेवतात ते लोक बोटी कुठे बांधतात गो, खुर्चीला?”

दोघी हसल्या. मग वहिनीने स्वेटर बॅगेत ठेवला आणि साखळी ओढली.

*

परतल्यावर आठवड्याभरात पडद्यावर सुरकुती क्रमांक चारशे बारा आली. यंत्राने सोबत स्वतःचा कौलही दिला होता. ते अलीकडे कौल देऊ लागले होते आणि बहुधा बरोबर असे.

‘आगबोट एलायझा मंक. नांगराचे चुंबकत्व ज्ञात मोजमापाशी जुळते. संदर्भ: पागधरे.’

खाली एकच कळ होती: मान्य.

हेमांगी पडद्याकडे पाहत राहिली. पहिली भावना, तिला नंतरही प्रामाणिकपणे आठवे, ती आनंदाची होती. आपला निबंध कुणीतरी वाचला. मग तिच्या लक्षात आले, की वाचणाऱ्याला छापलेले तेवढेच ठाऊक आहे. नांगर खाडीत सापडला, मोजला गेला, तो एलायझा मंकचा असावा: एवढे ग्रंथात होते. त्यानंतर तो एका अडेल तांडेलाने उचलून नेला, हे कुठल्याही तळटीपेत नव्हते, कारण ते फक्त एका घरातले भांडण होते. यंत्राने संदर्भ पाळून, कोणत्याही विद्वानाने केली असती तशीच, अत्यंत सुशिक्षित चूक केली होती.

तो नांगर आगबोटीपाशी असूच शकत नव्हता. तो जिथे होता, तिथे मोरूदादा होता.

तिने जागा पाहिली. सागरी हद्द तिथून उत्तरेला खूप दूर होती; एवढी, की साहेबांचे अनुमान नुसते चुकीचे नव्हे, आळशी ठरावे.

रडणे तिने पुढे ढकलले. ही तिची वृत्ती होती आणि तिचा व्यवसायही. आधी प्रश्न: बोट बुडाली कशी? तिने त्या भागावरच्या सगळ्या उड्डाणांची मोजमापे एकत्र रचायला लावली, आणि नकाशा हळूहळू स्वच्छ होत गेला. इंजिन आणि जाळे ओढणाऱ्या विंचचा एक गोळा. त्याच्या पूर्वेला, बोटीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, तो जुना नांगर. म्हणजे नांगर टाकलेला नव्हता, बोट चालू होती. इंजिनाच्या पश्चिमेला जाळ्याची तारदोरी, लांबवर, आखल्यासारखी सरळ. बुडणारी बोट खाली जाते आणि तिच्यावरचे सामान तिच्याभोवती विखुरते. इथे सामान भोवती नव्हते. स्वयंपाकाचा सिलिंडर, हत्यारांची पेटी, आणखी काही बारीकसारीक लोखंड, सगळे पूर्वेकडे मागे पडत गेले होते, एका रेषेत, अर्धा किलोमीटर. रेषेच्या टोकाला बोट, आणि त्याच रेषेत पुढे ताणलेली तार.

बोट बुडाली नव्हती. तिला जाळ्याने धरून, उलट्या दिशेने, पाण्याखालून ओढत नेले होते. तार तुटेपर्यंत.

देवमासा एवढा वेळ एवढ्या सरळ रेषेत जात नाही.

*

प्रकल्पाचे उड्डाण-प्रमुख कमांडर निंबाळकर मितभाषी गृहस्थ होते. चहा ते स्वतः करत आणि दुसऱ्याच्या चहाला नावे ठेवत.

“कमांडर, एक पुस्तकी शंका आहे,” हेमांगी त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली. “समजा, तळाशी एखादी मासेमारी बोट निघाली. आणि तिला पाण्याखालून काहीतरी ओढून नेल्यासारखं दिसलं. तर?”

निंबाळकरांनी गाळणी बशीत ठेवली. “तर ती नोंद बंद पाकिटात वर जाते.”

“आणि नकाशावर?”

“लगेच वजा. असल्या जागेभोवती विमानांनी घुटमळू नये, ही वरची इच्छा असते.”

“घरच्यांना कळवतात?”

“काय कळवणार? एवढ्या खोलवरचं इंजिन आम्हाला दिसतं, हे? म्हणजे घार किती बारीक बघते ते जगाला सांगितल्यासारखंच झालं. शिवाय मग पुढचा प्रश्न येतो, ओढणारं कोण होतं.”

“कोण असेल?”

“डॉक्टर, पाण्याखाली झेंडा लावून कुणी फिरत नाही.” त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. “आपले फिरतात, त्यांचे फिरतात, पाहुणेही फिरतात. ज्याच्या अंगाला जाळं अडकलं, त्याला वर काय आहे ते कळलंही नसेल. किंवा कळलं असेल.”

“आणि समजा, ओळख पटलीच नाही?”

“तर नियम तुम्हालाही पाठ आहे. अज्ञात ते अज्ञात. प्रत्येक उड्डाणात घार तिथे खाली उतरणार, तीन घिरट्या घालणार, पाण्याखालचे आवाज ऐकणारा एक तरंगता बोया टाकणार. वीस मिनिटं जातात. तुम्हाला इथे आणलं ते ही वीस मिनिटं वाचवायला.”

हेमांगीने चहा घेतला. तो खरोखर चांगला होता.

तिच्यासमोर तीन मार्ग होते आणि तिच्या आयुष्यात प्रथमच सत्य हा त्यांतला सर्वांत वाईट होता. खरे लिहिले, तर सात माणसे पाकिटात जातील. ‘मान्य’ दाबले, तर ती दीडशे वर्षांपूर्वीच्या आगबोटीत जातील. दोन्हीकडे वजाबाकी. घरी जाऊन वहिनीला सांगावे, तर पहिल्याच आठवड्यात ते गावभर होईल, वहिनीला चौकशीला बोलावतील, आणि ती ज्या सरकारी दारात सहा वर्षे उभी होती त्याच दारात तिला आरोपी म्हणून बसवतील. राहता राहिला तो शब्द, जो लिहिण्याची तिला विद्वान म्हणून कधीच लाज वाटली नव्हती. अर्थात तो खरा असताना.

तिने चारशे बारापुढे लिहिले: अज्ञात.

दुसऱ्या दिवशी निंबाळकर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“या नांगरावर तुमचाच निबंध आहे.”

“म्हणूनच सांगते. लेखिका बेभरवशाची आहे. पुरावा अपुरा असताना आगबोटीचं नाव घालून मोकळी झाली.”

“यंत्राला पटलंय.”

“यंत्राला छापील सगळंच पटतं.”

निंबाळकरांनी पडद्यावरच्या सरळ रेषेकडे पाहिले. मग त्या रेषेवरून त्यांची नजर नोंदीच्या शेवटी असलेल्या तिच्या आडनावावर गेली आणि तिथे जरा थांबली.

“पागधरे कुठले तुम्ही?”

“तडबंदर.”

“प्रत्येक खेपेला वीस मिनिटं, डॉक्टर,” ते म्हणाले.

“सहा वर्षांत त्यांना कुणी एक मिनिट दिलं नाही, कमांडर.”

त्यांनी नोंदीखाली स्वतःची सही केली आणि तिच्या टेबलावरच्या चहाला नावे न ठेवता निघून गेले.

*

समुद्रावर काम करणाऱ्या माणसाला आकाशातले सगळे कळते, कारण तिकडे बघण्यासारखे दुसरे फार नसते. महिन्याभरातच तडबंदरच्या बोटींवर चर्चा सुरू झाली. घार एरवी उंचावरून सरळ निघून जाते. एका ठिकाणी मात्र ती उतरते, तीन फेरे घेते, काहीतरी टाकते आणि जाते. दर खेपेला तीच जागा. मासळीचा थवा नाही, खडक नाही, तेलाची विहीर नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा हेमांगी भात लावत होती.

“वन्सं, जेवलात?”

“लावलाय कुकर.”

“हरेश्वर आला होता आत्ता.” हरेश्वर मेहेर हा मोरूदादाचा जुना जोडीदार. त्या शेवटच्या फेरीला तो तापामुळे गेला नव्हता. “तो म्हणतो, ती तुमची घार एकाच जाग्यावर फिरते. म्हणतो, मोरू शेवटच्या फेरीला तिकडेच जायचं म्हणत होता, पापलेट लागतं म्हणून. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला दोन पेले झाले की सगळं आठवतं.”

हेमांगीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही त्याच कामाला आहात ना ओ? ती तिथे का फिरते?”

“मला सांगता येत नाही, वहिनी.”

“येत नाही, का माहीत नाही?”

कुकरची शिट्टी झाली. हेमांगीने गॅस बंद केला नाही. आयुष्यभर तिने विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावली होती: माहीत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही. ते दोन शब्द या क्षणी उच्चारणे कायद्याने आवश्यक होते, सोपे होते, आणि ते उच्चारले की वहिनी सहाव्यांदा बॅग भरणार होती.

“सांगता येत नाही,” ती पुन्हा म्हणाली.

दुसरी शिट्टी झाली.

“भात करपेल तुमचा,” वहिनी शांतपणे म्हणाली, आणि फोन ठेवला.

*

पुढच्या तुकडीची बातमी पेपरात आली त्या आठवड्यात वहिनीने तिकीट काढले की नाही, हे विचारण्याचे धैर्य हेमांगीला झाले नाही. तिने सुरकुत्या ओळखल्या. एक खरोखरच युद्धकाळातले मालवाहू जहाज निघाले. त्याचे तिने मनापासून कौतुक केले आणि त्याला वजा केले.

मग एके सकाळी निंबाळकरांनी तिला नकाशाच्या खोलीत बोलावले. आवाजात धार होती.

“चारशे बारापाशी काहीतरी आलंय. आधी नव्हतं. गेल्या पाच उड्डाणांची बेरीज करून आता कुठे दिसतंय. अज्ञाताच्या शेजारी नवीन लोखंड, याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. वर कळवायला माझ्याकडे तासभर आहे.”

पडद्यावर दोन ओळखीच्या सुरकुत्या होत्या, इंजिन आणि जुना नांगर. त्यांच्यालगत तिसरी, इतकी फिकी की आहे असे म्हणायला धीर लागावा.

“पाणबुडी एवढी लहान नसते,” हेमांगी म्हणाली.

“पाणबुडीने ठेवलेलं यंत्र असतं. ऐका, बोयाने हे टिपलंय.”

खोलीत समुद्राखालचा आवाज भरला: कोळंबीची अविरत करकर, त्यातून जवळ येणारे एका डिझेल इंजिनाचे ठोके. ठोके मंदावले, थांबले. पाणी बोटीच्या कुशीला थपथप लागत राहिले. माणसांचे बोलणे पाण्यात उतरत नाही. बोलत होते की नव्हते, कळायला मार्ग नव्हता. मग फळीवरून काहीतरी जड घासत नेल्याचा आवाज, आणि एकच, भरीव, खोल बुडणारा आवाज. त्यानंतर बराच वेळ नुसती करकर. मग इंजिन सुरू झाले, आणि ते निघून जाण्यापूर्वी त्या जागेभोवती तीन फेरे फिरले.

निंबाळकरांनी ध्वनी थांबवला. “हे काय होतं?”

हेमांगीने फिकी सुरकुती मोठी करून पाहिली. ओळखायला तिला संदर्भग्रंथ लागला नाही. तिला त्याची दोनदा ठेच लागली होती.

“नांगर,” ती म्हणाली. “चार काट्यांचा, मासेमारी बोटीचा. स्थानिक बनावटीचा. धोका काही नाही. वर कळवायची गरज नाही.”

“खात्रीने?”

“यावर माझी सही घ्या. या एकाच वस्तूबद्दल मला या समुद्रात पूर्ण खात्री आहे.”

निंबाळकरांनी नोंद उघडली. “ओळख पटली, म्हणजे वजा करू?”

“नियम बघा. अज्ञाताला लागून असलेलं लोखंड अज्ञात सुटेपर्यंत वजा करता येत नाही.”

“असा नियम आहे?”

“नसेल तर लिहा. तुम्ही लिहिलेले नियम लोक पाळतात.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि लिहायला घेतले.

दुपारी घार समुद्राकडे निघाली, तेव्हा हेमांगी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी होती. फोन वाजला.

“वन्सं,” कुंदावहिनी म्हणाली. आवाज बसलेला होता, पण सरळ होता. “ओटीवरची अडचण काढली एकदाची. आता ठेच नाही लागायची. चार दिवस रजा काढून या.”

“येते.”

“आणि तो स्वेटर हरेश्वरला दिला. त्याला नीट बसला.”

दूरवर घार लहान होत गेली. आजच्या मार्गातही वीस मिनिटे राखून ठेवलेली होती.